देशमुख : परगण्याच्या कामाचे आडनाव

गोपाळ हरी देशमुख, चिंतामण द्वारकानाथ देशमुख, पंजाबराव देशमुख आणि नानाजी देशमुख. ही चार नावे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. पहिले 'शतपत्रां'चे कर्ते लोकहितवादी, दुसरे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तिसरे स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री आणि चौथे चित्रकूटला ग्रामविकासाचे काम उभे करणारे समाजकारणी. चौघांचे आडनाव एक, पण नाते मात्र कोणाचे कोणाशी नाही. लोकहितवादी चित्पावन, त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. चिंतामणराव महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, त्यांच्या पूर्वजांचे आडनाव कदम. नानाजी आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, देशस्थ ब्राह्मण.

चार जाती, चार प्रदेश, चार निराळी कुळे आणि आडनाव एकच. मग हे आडनाव सांगते तरी काय? आपल्याकडे आडनाव ऐकले की जात, गाव आणि घराण्याची पायरी यांचा अंदाज बांधण्याची सवय जुनी आहे. 'देशमुख' म्हटले की खानदान, वाडा, मानपान असे सारे डोळ्यांपुढे येते. पण जुने कागद वाचत गेल्यावर या आडनावाची गोष्ट रक्ताकडून कामाकडे सरकत जाते. तीच या लेखात मांडायची आहे.

'देश' म्हणजे किती?

'देशमुख' या शब्दातला देश आजच्या अर्थाचा राष्ट्र नव्हे. मराठी दप्तरात देश म्हणजे साधारण परगणा किंवा तरफ, म्हणजे काही गावांचा, कधी काही डझन गावांचा मुलूख. गावाचा प्रमुख पाटील आणि हिशेबनीस कुलकर्णी. परगण्याच्या पातळीवर पाटलाच्या जागी देशमुख आणि कुलकर्ण्याच्या जागी देशपांडे. देशपांड्याला कोठे देशकुलकर्णी असेही म्हणत. ही जोडी बहमनी काळापासून पेशवाईपर्यंत राज्ये बदलली तरी टिकून राहिली. कर्नाटकात हेच काम करणारे नाडगौडा आणि नाडकर्णी. 'नाड' म्हणजे मुलूख आणि 'गौडा' म्हणजे पाटील. गुजरातेत आणि दक्षिण कोकणात देसाई. उत्तरेत मोगलांच्या कागदांत त्यांच्या जागी चौधरी आणि कानुगो दिसतात. नावे निराळी असली तरी बिजागरी एकच. वर दरबार, खाली गावे आणि मध्ये हा माणूस.

काम काय? परगण्यातल्या पाटलांकडून वसुली करून ती सरकारात भरणे, पडीक जमीन लागवडीला आणणे, नवी पेठ किंवा गाव वसवणे, तंट्याचा निवाडा करायला गोत बसले की त्यात हजर राहणे आणि वेळ पडली तर शिबंदी घेऊन लढायला निघणे. मोबदल्यात वसुलीचा ठरावीक हिस्सा, म्हणजे रुसूम, आणि इनाम जमीन. याशिवाय लहानसहान हक्कांची यादी असे. चांभाराकडून जोडा, तेल्याकडून तेल, गावोगावचे तूप, बाजारातल्या प्रत्येक पाटीतून मूठभर जिन्नस, म्हणजे फसकी. आणि मान वेगळा. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीची पूजा कोणाची, विडा आधी कोणाला, या गोष्टींवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. आज ती क्षुल्लक वाटतील. पण ज्याला पहिला विडा मिळाला त्याचे वतन वडीलकीचे, हे चारचौघांसमोर सिद्ध होत असे. लेखी पुरावा जळू शकतो, लुटला जाऊ शकतो. गावकऱ्यांच्या देखत घेतलेला विडा मात्र शेकडो लोकांच्या आठवणीत राहतो.

महजरांवर सह्या करताना प्रत्येक जण आपापल्या कामाची निशाणी काढी. देशपांडे-कुलकर्ण्यांची लेखणी, पाटील-देशमुखांचा नांगर. हा नांगर लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे ज्या नावाभोवती एवढे खानदानी वलय जमले, त्या नावाची खूण तलवार नव्हती. मुलूख लागवडीखाली ठेवण्याची जबाबदारी कोणावर, ते सांगणारे शेतीचे अवजार होते.

वतन आणि राज्य

देशमुखी ही नोकरी नव्हती, वतन होते. सरदाराला फौजेच्या खर्चासाठी सरंजाम मिळे. तो धन्याची मर्जी असेपर्यंतचा. वतन मुलाबाळांकडे जाई, भावांत वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई. म्हणून मोठमोठ्या सरदारांनाही वतनाची ओढ असे. उत्तर हिंदुस्थानात दिल्लीच्या बादशहाला हाताशी धरणारे महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवीत, यात विनय होता तसा व्यवहारही होता. दिल्लीतली सत्ता आज आहे, उद्या नाही. गावची पाटीलकी नातवापर्यंत पोचते.

राज्यकर्त्याच्या दृष्टीने मात्र हा माणूस दुधारी होता. त्याच्याशिवाय वसूल येत नाही आणि तो बळकट झाला की वसूल पुरा पोचत नाही. आदिलशाही, निजामशाही आणि मोगल यांच्या झगड्यात मावळातले देशमुख कोणत्या बाजूला झुकतात, याला म्हणूनच मोल होते. 1659 मध्ये अफजलखान चालून आला तेव्हा मावळच्या देशमुखांना विजापूरची फर्माने गेली. कारीचे कान्होजी जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. फर्मान घेऊन ते शिवाजी महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडून महाराजांच्या बाजूला राहिले, असे जेधे करीना सांगतो. 'पाणी सोडणे' हा आज बोलण्यातला वाक्प्रचार झाला आहे. तेव्हा तो हातावर पाणी घेऊन करायचा विधी होता आणि पणाला लागलेली गोष्ट पिढ्यांची होती. त्याच रोहिडखोऱ्याचे दुसरे वतनदार, उत्रवळीचे खंडोजी खोपडे, खानाला मिळाले. पुढे त्यांचा एक हात आणि एक पाय तोडण्यात आला. एकाच खोऱ्यातल्या दोन देशमुख घरांच्या वाटा अशा फुटल्या आणि त्या फुटण्यामागे वतनाचा जुना तंटाही होता.

सभासदाची बखर सांगते की देशमुख-पाटील रयतेकडून भरमसाट घेत, सरकारात थोडे भरीत, वाड्यांना बुरूज बांधून बळकट होत. महाराजांनी ते बुरूज पाडले आणि त्यांचे हक्क बांधून दिले. पण वतने सरसकट गेली असे दिसत नाही. जेध्यांची, बांदलांची, सिळीमकरांची घरे वतनदार म्हणून पुढेही नांदत राहिली. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त वतनदारांना राज्याचे वाटेकरी भाऊबंद समजून सावध राहा, त्यांना दुखवू नका आणि मोकळेही सोडू नका, असा सल्ला आहे. चांगल्या अनुभवी कारभाऱ्याचे हे शब्द आहेत.

याच राज्याने देशमुखीची भाषा आपल्या दाव्यासाठीही वापरली. छत्रपती हे दख्खनचे सरदेशमुख, म्हणून वसुलाचा दहावा हिस्सा त्यांचा वतनी हक्क. हीच सरदेशमुखी. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईबरोबर हिची सनद शाहू महाराजांसाठी आणली. परगण्यातल्या एका वतनाचे नाव असे साम्राज्याच्या राजकारणात गेले.

बांदल आणि देशपांडे

आता आडनावाकडे येऊ. पावनखिंडीची लढाई प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. तिथे लढली ती बांदलांची फौज आणि तिचे म्होरके बाजी प्रभू देशपांडे. बांदल हे हिरडस मावळचे देशमुख, बाजी प्रभू त्याच मावळचे देशपांडे. दोघेही एकाच परगण्याचे वतनदार. पण इतिहासाने एकाला कुळाच्या नावाने लक्षात ठेवले आणि दुसऱ्याला कामाच्या.

असे का व्हावे? जुन्या कागदात नाव लिहिण्याची पद्धत पाहिली की उलगडा होतो. तिथे माणसाचे नाव, मग मानाचे उपपद, मग कूळ, मग हुद्दा आणि शेवटी मुलूख, असा लांबलचक क्रम असे. 'कान्होजी नाईक जेधे देशमुख, तरफ रोहिडखोरे' या धर्तीचा. हे नाव पूर्ण होते. कोण, कोणाचा, काय करतो आणि कुठला, चारही गोष्टी त्यात येत. पुढे इंग्रजी अमलात शाळेचे हजेरीबुक, कोर्टाचा दावा, नोकरीचे पत्रक आले. त्यांत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एवढ्याच तीन जागा. लांब नाव त्यात बसवायचे तर काहीतरी गाळणे भाग होते. माझे अनुमान असे की याच गाळणीत देशमुख हे आडनाव म्हणून पक्के झाले. ज्यांचे कूळ आधीच गाजलेले, त्यांनी हुद्दा गाळला. फलटणचे निंबाळकर, म्हसवडचे माने, पुण्याकडचे शितोळे, मावळातले जेधे, पासलकर, बांदल ही सारी देशमुखांची घरे, पण आडनावे कुळाची. जिथे परगण्यात हुद्द्याचाच दरारा अधिक, तिथे कूळ गळाले. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात हे अधिक घडले. सिद्धये आणि कदम ही कुळे अशीच मागे राहिली.

म्हणून सोयरिकीच्या बैठकीत अजूनही प्रश्न येतो, "देशमुख खरे, पण मूळचे कोण?" या प्रश्नात जातकुळीची चौकशी असते, हे उघडच आहे. पण त्यात एक ऐतिहासिक सत्यही दडलेले आहे. देशमुख हे मुळात कुळाचे नाव नाही, हे प्रश्न विचारणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

आज कुठे कुठे?

आज हे आडनाव सर्वांत दाट भेटते ते वऱ्हाड, मराठवाडा आणि खानदेशात. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, लातूर, परभणी, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांत तालुक्या-तालुक्याला देशमुखांची घरे आहेत. विदर्भात तर देशमुख ही कुणबी-मराठा समाजातली एक वेगळी पायरी मानली गेली आणि बराच काळ सोयरिकी त्या पायरीतच होत राहिल्या. हुद्द्यातून आडनाव आणि आडनावातून जवळजवळ पोटजात, असा हा प्रवास. मराठवाड्यात ब्राह्मण आणि लिंगायत देशमुखही आहेत. मराठवाड्यात आणि कोकणात मुसलमान देशमुख आहेत. कोकणी मुसलमानांत देशमुखांबरोबर देसाई, खोत, पाटील अशी वतनाची आडनावेही सर्रास दिसतात. वतन जमिनीला आणि वसुलीला बांधलेले, धर्माला नव्हे, याचा याहून सरळ दाखला कोणता?

महाराष्ट्राबाहेर मध्य प्रदेशात बैतूल, मुलताई, पांढुर्णा, सौंसर या मराठीच्या सीमेवरच्या पट्ट्यात देशमुख आहेत. छत्तीसगडात दुर्ग-बालोदकडच्या कुर्मी समाजात हे आडनाव आहे. तो मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. गोव्यात आणि सावंतवाडीकडे देशमुखाची जागा देसाई, सरदेसाई घेतात. उत्तर कर्नाटकात देसाई, नाडगौडा आणि देशमुख शेजारी शेजारी नांदतात. नकाशावर ही सारी ठिकाणे मांडली तर बहमनी, आदिलशाही, निजामशाही, निजाम आणि मराठे यांच्या महसुली कारभाराचा आराखडा समोर येतो. एका पूर्वजापासून फुटलेल्या वंशवृक्षाचे रूप त्याला नाही.

एक नाव या नकाशात निराळ्या वाटेने आले. राजमहेंद्रीच्या दुर्गाबाईंनी 1953 मध्ये चिंतामणरावांशी विवाह केला आणि आंध्रातल्या स्वातंत्र्यसैनिक, संविधान सभेच्या सदस्य दुर्गाबाई देशमुख म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. देशमुखी वतनाशी त्यांच्या माहेरचा काही संबंध नव्हता.

तेलंगणातला दुसरा अर्थ

आंध्राला लागून असलेल्या तेलंगणात मात्र 'देशमुख' या शब्दाची आठवण कडवट आहे. निजामाच्या राज्यात वसुलीची व्यवस्था बदलली तेव्हा देशमुखांचे जुने काम सुटले. पण त्यांतले अनेक जण तोवर प्रचंड जमिनीचे मालक होऊन बसले होते. तेलंगणात ते मुख्यतः रेड्डी आणि वेलमा समाजांतले. देशमुख हे तिथे आडनाव न बनता पदवी राहिले. नलगोंडा आणि वारंगळ जिल्ह्यांत वेठबिगार, जप्ती आणि मारहाण यांनी रयत पिचली. विसनूरचे देशमुख रामचंद्र रेड्डी यांच्या मुलखात, कडवेंडी गावी, 4 जुलै 1946 रोजी मोर्च्यावर झालेल्या गोळीबारात दोड्डी कोमरय्या मारले गेले. तिथून तेलंगणाचा सशस्त्र लढा पेटला आणि तो 1951 पर्यंत चालला. याच देशमुखाविरुद्ध आपल्या शेतातल्या पिकासाठी उभी ठाकलेली पालकुर्तीची परीट समाजातली ऐलम्मा आज तिथे लोकनायिका आहे.

आपल्याकडे 'देशमुखी थाट' म्हणताना थोडे कौतुक असते. जनगावकडच्या म्हाताऱ्या माणसाला तोच शब्द वेगळा ऐकू येतो. एकाच वतनाच्या या दोन आठवणी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. मधल्या माणसाच्या हातात काम होते तोवर त्याच्यावर गोताचा आणि दरबाराचा धाक होता. काम गेले आणि जमीन राहिली, तेव्हा तो धाकही गेला.

काम गेले, हक्क राहिला

मुंबई इलाख्यात हेच कायद्याने घडले. मामलेदार आणि तलाठी यांच्यामार्फत वसुली सुरू झाल्यावर देशमुख-देशपांड्यांची गरज संपली. 1864 च्या गॉर्डन सेटलमेंटने त्यांना सेवेतून मोकळे केले आणि काही रक्कम सरकारात भरण्याच्या अटीवर वतनाचे उत्पन्न त्यांच्याकडे ठेवले. पुढे 1874 च्या वतन कायद्याने साऱ्या वंशपरंपरागत हुद्द्यांची चौकट घालून दिली.

या चौकटीत कोणाला काय मिळाले, ते पाहण्यासारखे आहे. देशमुखाला काम माफ झाले आणि उत्पन्न राहिले. त्याच कायद्याखालच्या महार वतनदाराला मात्र तुटपुंज्या वतनापायी रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे काम करावेच लागे. हा कायदा बदलावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतन हा शब्द एका घरात मानाचा होता आणि दुसऱ्या घरात बेडीचा.

लेकीबाळींचेही तसेच. 1886 च्या दुरुस्तीने वतनाच्या वारसाहक्कात शेवटच्या धन्याच्या विधवेखेरीज घरातल्या इतर स्त्रिया साऱ्या पुरुष वारसांच्या मागे ढकलल्या गेल्या. देशमुखाची लेक देशमुखांचे नाव सांगे, देशमुखीत तिचा वाटा जवळजवळ नव्हता. आणि योग असा की हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा 1937 चा कायदा 'देशमुख कायदा' म्हणून ओळखला जातो. तो केंद्रीय विधिमंडळात मांडला मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. गोपाळराव विनायक देशमुख यांनी. मिळालेला वाटा हयातीपुरता होता आणि केंद्रीय कायदा म्हणून प्रांतांतल्या शेतजमिनीला तो लागू पडला नाही. तरीही वतनाच्या आडनावाने ओळखला जाणारा कायदा बाईच्या वाट्यासाठी झाला, ही नोंद विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1950 मध्ये परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करण्याचा कायदा केला. 1 मे 1951 पासून तो अमलात आला. हुद्दे, हक्क, रुसूम संपले. जमिनी सरकारजमा होऊन, ठरलेली रक्कम भरणाऱ्या धारकाला अटींवर परत मिळाल्या. महार वतनासारखी कनिष्ठ गाव-वतने संपायला मात्र 1958 चा कायदा यावा लागला. आधी सुटले ते वरचे, बेडी तुटली ती नंतर.

मागे उरलेले

आज देशमुखीचे काय उरले आहे? मराठवाडा-वऱ्हाडातल्या गावात एखादी ढासळती गढी आणि तिची पांढरी माती. ती माती लोक धाब्याच्या छतावर घालायला नेत आले. सातबाऱ्यावर कोठे इनामाची किंवा नवीन शर्तीची नोंद. ट्रंकेत मोडी कागदांचा गठ्ठा. आणि आडनाव.

या आडनावावरून आज दोन प्रकारचे दावे होतात. कोणी त्यावरून आपली उच्च कुळी सांगतो, तर कोणी दुसऱ्याची जात ठरवतो. जातीच्या नोंदींवरून महाराष्ट्रात एवढे वातावरण तापलेले असताना हे सांगणे भाग आहे की, देशमुख या शब्दावरून यांतले काहीच सिद्ध होत नाही. ब्राह्मण, कायस्थ, मराठा, कुणबी, लिंगायत, कुर्मी, मुसलमान अशा साऱ्यांच्या घरांवर ही पाटी आहे. नोंद शोधायची ती मूळ कागदात, माणसाच्या नावासमोर, त्या गावच्या दप्तरात. आडनावाचा तिथे उपयोग एवढाच की कोणत्या परगण्याचे दप्तर उघडायचे त्याचा माग लागतो.

म्हणून ज्यांच्या घरी हे नाव आहे त्यांनी 'आपण कोणाचे वंशज' याबरोबर दुसराही प्रश्न विचारावा, 'आपला परगणा कोणता?' त्यातली गावे कोणती, पाटील कोण, देशपांडे कोण, जोडा देणारा चांभार आणि तेल देणारा तेली कोण, राबता महार कोण, हे शोधावे. घरातला मोडी गठ्ठा वाळवी लागण्याआधी जाणकाराला दाखवावा. त्यात आपल्या पणजोबांची सही सापडेलच असे नाही. पण महजर सापडला, तर त्याच्या खाली नांगराची निशाणी असेल आणि तिच्या शेजारी साऱ्या मुलखाच्या निशाण्या असतील. देशमुख हे नाव या साऱ्यांच्या मध्ये उभे होते. त्यांना वगळले तर या नावाला काही अर्थ उरत नाही.